व्होल्टेज कमी करून द्या

आमच्या खात्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. लाईट गेली, लाईट आली पण पंखा फिरत नाही, मोटर पाणी उचलत नाही, बिल जास्त आलं, शेजाऱ्याने आकडा टाकलाय. मी वायरमन आहे. लोक 'वायरमन बाई' म्हणतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. खांबावर बाई चढली काय नि बाप्या चढला काय, तारेला सगळे सारखेच. घर उत्रोलीला आणि नोकरी हिर्डोशीच्या डोंगरात, त्यामुळे रोज गाडीवर घाट चढताना मी त्या दिवसाच्या तक्रारी आधीच मनात ऐकून घेते. पण त्या सकाळी ऑफिसच्या पायरीवर बसलेल्या मानसिंग पारठ्यांनी जे सांगितलं, ते मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"बाई, आमच्या वाडीचं व्होल्टेज लई वाढलंय," ते म्हणाले. "तेवढं कमी करून द्या."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि उंबरवाडीच्या व्होल्टेजवर तर कोणी बोलायचंच नाही. वाडी हिर्डोशीच्याही वरच्या अंगाला. तिथे वीज यायची ती पार खालच्या गावातल्या डीपीवरून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून, दोन ओढे ओलांडून, जुन्या बारीक तारेने. वाडीत पोचेपर्यंत ती अर्धमेली व्हायची. संध्याकाळी बल्बचा उजेड पिकल्या लिंबासारखा पिवळा. मिक्सरमध्ये चटणी वाटली जायची नाही. वाडीला स्वतःचा डीपी मिळावा म्हणून मी साहेबांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. खांब न्यायला गाडी जाईना तेव्हा वाडीतल्या बायामाणसांनी दोरखंड लावून ते डोंगरावर ओढत नेले होते. दिवाळी झाल्यावर डीपी बसला, बल्ब पांढरे पेटले, बायकांनी माझी ओटी भरली. आणि हे म्हणतात, कमी करा.

"तात्या, सकाळी सकाळी चेष्टा करायला दुसरं कोणी भेटलं नाही का?" मी म्हणाले.

"हळू बोला," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "वाडीत कळलं तर मला त्या डीपीलाच बांधून घालत्याल."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आलं. मग चहा मागवला आणि ऐकून घेतलं.

मानसिंग तात्यांना मी नावाने ओळखत होते. त्या पट्ट्यात त्यांना न ओळखणारा माणूस शोधावाच लागेल. ते बेंजो वाजवतात. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात तार छेडायची नखी, असं ते वाद्य. लग्नातली हळद असो, जागरण असो की जत्रेतली पालखी, आमच्याकडे बेंजोशिवाय पान हलत नाही. बेंजोची वायर मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडतात आणि मशीनमधून आवाज कर्ण्यात जातो. हल्लीची मशीनं हलकी असतात. तात्यांचं मशीन जुनं, काचेच्या वॉल्व्हचं. चालू केलं की आतल्या बाटल्या हळूहळू तांबूस व्हायला लागतात आणि त्या पुरत्या तापेपर्यंत गप्प बसून राहावं लागतं. तात्या त्या वेळात तंबाखू मळतात.

तरुणपणी ते पुण्याला मार्केट यार्डात हमाली करायचे. गणपतीत एका मंडळापुढे त्यांनी पहिल्यांदा बेंजो ऐकला आणि, त्यांच्याच शब्दांत, "पाटीवरचं पोतं खाली ठिवायचं राहूनच ग्येलं." वाजवणाऱ्याच्या मागे लागून लागून ते शिकले. मशीन जुन्या बाजारातून घेतलं. गावी आणताना एसटीच्या कंडक्टरने ते टपावर टाकायला सांगितलं, तर तात्या म्हणाले, मग मीही टपावरच बसतो. शेवटी कंडक्टरने मशीनला सीट दिली आणि तात्या भोरपर्यंत दांडा धरून उभे राहिले. पुढे हमाली सुटली, गावचं भात आणि नाचणी सुरू झाली, लग्न झालं, पण मशीनचे लाड काही संपले नाहीत. पावसात हळदीला जायचं तर इरलं मशीनवर आणि तात्या चिंब. त्यांच्या बायकोने, बनामावशींनी, मशीनचं नावच 'सवत' ठेवलं होतं. "सवत झाकली का?" असं त्या भर माणसांत विचारायच्या आणि तात्या खाली मान घालून "झाकली" म्हणायचे.

या माणसाला मोठेपणाची हौस नव्हती. 'मी वाजवलं' असं ते कधी म्हणत नसत. 'आज बेंजो बोलला' किंवा 'आज न्हाई बोलला' एवढंच. आणि गंमत अशी की तो उंबरवाडीत जसा बोलायचा तसा दुसरीकडे कुठेच बोलत नसे. वाडीत तार जोरात छेडली की आवाज आधी जरा मागे सरायचा, दम घ्यायचा, आणि मग छाती भरून पुढे यायचा. ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. तेच हात आणि तेच मशीन भोरच्या लग्नात नाहीतर कामथडीच्या जागरणात गेलं की आवाज कोरडा ठणठणीत. वाडीने याचा अर्थ लावून ठेवला होता. वाघजाईच्या शिवेच्या आत बेंजो गातो आणि शीव ओलांडली की नुसता वाजतो. देवीने दिलेली गोष्ट देवीच्याच हद्दीत चालायची. म्हातारी माणसं हे असं सांगायची की जणू सातबाऱ्यावर नोंद आहे. तात्यांचाही त्यावर विश्वास होता. खालच्या गावांच्या सुपाऱ्या घेणं त्यांनी हळूहळू सोडूनच दिलं. चैत्रातल्या जत्रेत वाघजाईच्या पालखीपुढे बेंजो वाजवायचा मान त्यांचा, आणि तो एक दिवस त्यांना वर्षभर पुरायचा.

नवा डीपी बसला आणि बेंजो शिवेच्या आतही बोलेनासा झाला.

पहिल्याच जागरणात लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, वय झालं, हात गेला. कोणी त्याहून वाईट बोललं, की देवीने हात काढून घेतला. जत्रेचं सगळं बघणारे आनंदराव तसे सज्जन माणूस. ते घरी आले आणि हात जोडून म्हणाले, "मानसिंगा, पालखीम्होरं बेंजो बोलला न्हाई तर गावाला बरं न्हाई. औंदा कामथडीची पार्टी सांगू का? त्यांच्याकडं कीबोर्ड हाये." जत्रेच्या आदल्या दिवसापर्यंत वाट बघायची असं ठरलं. तोवर बेंजो बोलला तर मान तात्यांचा. नाही बोलला तर गेला. आणि आमच्याकडे एकदा गेलेला मान परत येत नाही, तो घेणाऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

"रोज हाताकडं बघतो," तात्या मला म्हणाले. "बोटं चालत्यात. पर एक सांगा बाई, हात काय एका दिसात जातो? डीपी चालू झाला त्या सांजंलाच आवाज बदालला. हात ग्येला आसंल तर तसं सांगा, म्या बेंजो बांधून ठिवतो. पर आदी तुमचं व्होल्टेज बघा."

मी दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन वाडीत गेले. व्होल्टेज उत्तम होतं, छाती फुगावी असं. तात्यांनी मशीन तापवलं आणि वाजवून दाखवलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हणाले, "चांगलं तर वाजतंय." नवराबायकोने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

बनामावशी शेगडीवर चहा करत होत्या. विजेची कॉईलची शेगडी, लेकीने दिलेली. जुन्या व्होल्टेजवर ती कधी लाल झालीच नव्हती म्हणून माळ्यावर पडून होती. आता ती रोज पेटत होती आणि मावशी तिच्यावर खूश होत्या. त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या, "पयलं कसं, ह्यांनी जोरात छेडलं की बलब डोळा मिटायचा. परत छेडलं की परत मिटायचा. जत्रंतली सगळी माळ ह्यांच्या तालावर मिचकायची. लेकरं टाळ्या वाजवायची. आता बलब कसा डोळं वटारून बसलेला आसतो."

माझा चहाचा कप तोंडाशीच थांबला. बल्ब मंद होतो याचा अर्थ आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मशीन जास्त वीज मागतंय आणि तार ती देऊ शकत नाही. आता डीपी दाराशी होता, मागितली की वीज हजर. एवढं कळलं. पण वीज कमी पडल्याने आवाज गोड कसा होईल, हे माझ्या डोक्यात शिरेना. ते समजून घ्यायला मी भोरला दीनानाथ काकांकडे गेले.

काकांचं पूर्वी बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान नाही, पण घरात पाय ठेवायला जागा नाही इतके उघडे रेडिओ पडलेले असतात. वॉल्व्हचं मशीन अजून चालू आहे म्हटल्यावर ते असे खुलले की जणू मी त्यांच्या हरवलेल्या भावाची खबर आणली होती. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "त्यातला रेक्टिफायर वॉल्व्ह काढून कोणी हल्लीचे डायोड तर नाही ना बसवले?"

"नाही. तात्या कोणाला हात लावू देत नाहीत."

"शहाणा माणूस आहे," काका म्हणाले. "हे बघ सुलक्षणा, लोकांना वाटतं मशीन फक्त आवाज वाढवतं. तसं नसतं. सूर तारेतून येतो, पण त्याचं अंग घडतं ते मशीनच्या आतल्या विजेतून. भिंतीतली वीज आधी वाढवायची, रेक्टिफायरने सरळ करायची, कंडेन्सरमध्ये साठवायची, आणि त्या साठ्यातून वॉल्व्हना द्यायची. आता घरातली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आण. टाकी लहान आणि तिच्यात येणारा नळ बारीक. कोणी एकदम मोठी तोटी सोडली तर काय होईल?"

"पाणी खाली जाईल."

"तसंच. जोरात तार छेडली की साठा खाली बसतो, सूर दबतो. मग तार विरायला लागते, पण तोवर साठा परत भरत आलेला असतो, म्हणून सूर विरण्याऐवजी मागून फुलल्यासारखा वाटतो. आणि एकूण व्होल्टेजच कमी असलं की वॉल्व्हची ताकद लवकर संपते, सुराच्या कडा गोल होतात. नव्या मशीनमध्ये टाकी मोठी, नळ मोठा. आवाज स्वच्छ, पण ताठ. परदेशात गिटार वाजवणारे लोक या दबण्यासाठी जुनी मशीनं शोधत फिरतात." मग ते म्हणाले, "मी तुझ्या या माणसाचा बेंजो भोरमध्ये एका लग्नात ऐकला होता. खरं सांगू, मला काही विशेष वाटला नव्हता."

"शिवेबाहेर ऐकलात ना," मी म्हणाले. काकांना ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

त्यांनी मला एक डिमर दिला. गोल मूठ फिरवली की व्होल्टेज हवं तेवढं उतरवता येतं. मी तो वाडीत नेला, मशीनला लावला आणि काटा जुन्या व्होल्टेजवर आणून ठेवला. तात्यांनी दोन सूर काढले आणि थांबले.

"नरम झालाय," ते म्हणाले. "पर दम खात न्हाई."

"आजारी माणसावानी बोलतोय," मावशी आतून म्हणाल्या.

मी मूठ वर फिरवली, खाली फिरवली, तात्या वाजवत राहिले, मावशी आतून नापास करत राहिल्या. शेवटी मी चिडले आणि डिमर बाजूला ढकलून उंबऱ्यावर जाऊन बसले. जत्रा आठवड्यावर आली होती. समोर ओढ्याच्या पलीकडे जुन्या लाईनचे मोकळे खांब उभे होते. तार आम्ही गुंडाळून नेली होती. त्या खांबांकडे रागाने बघताना माझी ट्यूब पेटली. डिमरने व्होल्टेज उतरतं आणि तिथेच राहतं. जुन्या तारेवर ते तिथे राहत नसे. मशीनने जास्त मागितलं की आणखी घसरायचं, मागणं संपलं की वर यायचं. तात्यांच्या मशीनची टाकी त्याच्या पेटीत संपत नव्हती, तिचा बारीक नळ दोन ओढे ओलांडून पार खालच्या गावापर्यंत गेलेला होता. मला कमी व्होल्टेज नको होतं, मला ती लांबच लांब तार हवी होती.

एवढी तार आणायची कुठून? पण तारेचा गुण तिच्या लांबीत नसतो, ती विजेला किती अडवते त्यात असतो. आणि अडवणारी तार गुंडाळी करून घरात ठेवलेलीच होती.

"मावशी, शेगडी द्या."

"च्या हुतोय."

"राहू द्या चहा."

"सवतीसाटी माजी चूल पळवायला लागला आता तुमी," मावशी म्हणाल्या, पण पातेलं उतरवलं.

मी मशीनच्या वायरीतली एक बाजू तोडली आणि मध्ये शेगडीची कॉईल जोडली, म्हणजे वीज मशीनपर्यंत जाईल ती कॉईलमधून रखडत. पुढे एक बल्बही लावला. हा उद्योग कोणी घरी करू नये. मी वायरमन आहे, मला पगार त्याचाच मिळतो. बाटल्या तापल्या. शेगडी लाल झाली नाही, नुसती ऊबदार झाली. तात्यांनी नखी उचलली आणि पालखी उठताना वाजवतात ती चाल जोरात सुरू केली.

बल्बने डोळा मिटला. आवाज मागे सरला, आणि मग असा भरून आला की मला, जिला ओ की ठो कळत नाही तिला, अंगावर काटा आला. पिठाच्या हातांनी दारात उभ्या असलेल्या मावशी तिथेच खाली बसल्या. शेजारच्या चंद्राबाई हातातली केरसुणी तशीच घेऊन अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तात्या डोळे मिटून वाजवत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा महिन्यांचा ताण उतरलेला मला दिसत होता, आणि मला त्या माणसाचं इतकं प्रेम वाटलं की सांगता सोय नाही.

चाल संपली आणि मी फुशारकीने बोलून गेले, "बघा तात्या, हात शाबूत आहे. देवीही रुसलेली नाही. सगळा खेळ तारेचा होता."

त्यांनी नखी खाली ठेवली.

"पयल्यापास्नंच तारंचा?"

"हो की."

"भोरला बोलायचा न्हाई, त्ये शिवंमुळं न्हाई?"

"तिथं डीपी जवळ असतो ना, तात्या."

त्यांनी मशीन बंद केलं, बाटल्या निवेपर्यंत बसून राहिले, आणि मग बेंजो गोधडीत गुंडाळून फळीवर ठेवला. मला वाटलं, दमले असतील.

दोन दिवसांनी मावशींचा फोन आला. "बाई, तुमी दुरुस्ती केली का मोडतोड?" तात्या आनंदरावांकडे जाऊन सांगून आले होते, की कामथडीची पार्टी सांगा. म्हणाले, गोडवा माझा नव्हता, देवीचाही नव्हता, लाईटीच्या तारेचा होता. चाळीस वर्षं मी फुकट मान खाल्ला, आता खाणार नाही. बेंजो बोलतोय हे चंद्राबाईंनी वाडीभर केलं होतं, आनंदरावही समजावून दमले, पण तात्या ऐकेनात. आता असल्या प्रामाणिकपणाला काय म्हणावं? दुसरा कोणी असता तर गुपचूप शेगडी देवळामागे लपवून मान मिरवत राहिला असता. मला त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. बेंजो नीट केला आणि माणूस बिघडवून ठेवला. त्या दिवसांत मला भाकरी गोड लागली नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी रोषणाईचा लोड बघायला मला वाडीत जावंच लागलं. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली होती. मान सोडायचा तर तो चारचौघांत, कारण सांगून, देवीपुढे नारळ ठेवून सोडावा लागतो. तात्या धुतलेली टोपी घालून, हातात नारळ घेऊन उभे होते. एका बाजूला बायका बसल्या होत्या, त्यात मावशी.

तात्यांनी सगळं सांगितलं. बारीक तार, डीपी, शेगडी, काही राखून ठेवलं नाही. "देवीनं मला येगळं काय दिलं न्हवतं," ते म्हणाले. "आन म्याबी काय केलं न्हवतं. तार बारीक व्हती म्हून बेंजो रडायचा, आन तुमी मला हार घालत व्हता."

आनंदराव माझ्याकडे वळले. "बाई, हे खरं हाये?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण विजेच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. "खरं आहे," मी म्हणाले.

तात्या नारळ घेऊन गाभाऱ्याकडे वळले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने मावशी उठल्या. बैठकीत त्या कधी बोलत नसत. पदर नीट करून त्या आनंदरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, एक इचारते. ती तार ह्यांच्या एकट्याच्या घरात येत व्हती का?"

"न्हाई, वैनी. समद्या वाडीत येत व्हती."

"तुमच्याबी घरात?"

"व्हय की."

"मग तुमच्या घरात तिनं काय दिलं?"

आनंदराव जरा गोंधळले. "काय द्यायचंय? अंदार दिला."

"आमालाबी त्योच दिला," मावशी म्हणाल्या. "ह्या माणसानं त्यातनं गाणं काडलं. आता मान तारंला द्यायचा आसंल तर द्या बापडं."

तात्या पाठमोरे होते, पण त्यांचे खांदे मला दिसत होते. आनंदराव उठले, तात्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि देवीपुढे न ठेवता मावशींच्या ओटीत घातला. "मानसिंगा," ते म्हणाले, "कामथडीला फोन करून नको म्हून सांगतो."

तात्या वळले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी माझे पुसले. ते मावशींकडे बघत राहिले.

"इतकी वरसं ही गोस्ट तू मला कदी सांगितली न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी मला कवा इचारलं?" मावशी म्हणाल्या, आणि नारळ पदरात धरून घराकडे चालायला लागल्या. तात्या त्यांच्या मागोमाग निघाले.